बायकांच्या धूम्रपान कक्षाची फाईल

आमच्या ऑफिसातल्या नऊ बायकांनी सह्या करून दिलेला अर्ज मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो प्रसाधनगृहाबद्दलचा आहे असं मला वाटलं. बायकांचे अर्ज बहुतेक नळाला पाणी नसल्याबद्दलच असतात, आणि आमचं ऑफिस पाणीपुरवठ्याचंच असल्यामुळे तो विषय आम्ही फारसा मनावर घेत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मी चष्मा पुसला. तिसऱ्यांदा वाचण्याआधी उठून दार लावून घेतलं.

अर्ज तीन ओळींचा होता. 'कार्यालयाच्या मागील बाजूस पुरुष कर्मचाऱ्यांसाठी धूम्रपान कक्ष आहे. महिला कर्मचाऱ्यांसाठी अशी सोय नाही. तरी ती सत्वर करण्यात यावी, ही विनंती.' खाली नऊ सह्या, आणि सगळ्यांत वरची सही रेकॉर्डच्या बाईंची.

या सहीनेच माझी पंचाईत केली. एखाद्या पोरसवदा टायपिस्टने असा अर्ज दिला असता तर मी थट्टा म्हणून बाजूला ठेवला असता. पण रेकॉर्डच्या बाई म्हणजे बावीस वर्षांत ज्यांनी एकदाही आवाज चढवला नाही, आणि समोर कोणी शिंकलं तर आधी रजिस्टर मिटणाऱ्या बाई. त्या थट्टा करत नाहीत. थट्टेची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची हे त्यांना ठाऊक नसावं.

मी आस्थापना शाखेचा मुख्य कारकून. माणसांच्या नेमणुका, रजा, बदल्या, बढत्या आणि तक्रारी माझ्या टेबलावरून जातात. अर्ज साहेबांपुढे ठेवला. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'तपासून प्रस्ताव सादर करावा.' सरकारी भाषेत याचा अर्थ, हे लफडं तुमचं.

आता आमच्या धूम्रपान कक्षाबद्दल थोडं सांगायला हवं. तो म्हणजे मोडक्या मीटरांच्या ढिगाशेजारची पत्र्याची शेड. आत दोन बाकं, वाळू भरलेला डबा आणि एक पंखा. ऑफिसातले दोन पंखे वर्षभर बंद आहेत, पण शेडचा पंखा बंद पडला की अर्ध्या तासात माणूस शिडी घेऊन येतो. रोज साडेअकराला सगळे पुरुष तिकडे जातात. नंतर दुपारी जातात. मग संध्याकाळचं डोकं दुखायला लागलं की पुन्हा जातात. तेवढा वेळ तक्रारींच्या खिडकीवर बायका असतात.

मी सिगारेट ओढत नाही. तरी सहा वर्षं मी रोज साडेअकराला त्या शेडमध्ये जात होतो, कारण साडेअकराला साहेब तिथे येत. कुणाची बदली कुठे, कुणाला कुठली शाखा, हे सगळं तिथे ठरायचं आणि मग टेबलावर कागद यायचा. आमचे अधीक्षक तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्या खुर्चीसाठी दोनच माणसं पात्र होती, मी आणि रेकॉर्डच्या बाई. सेवाज्येष्ठतेत त्या माझ्या एक वर्ष चार महिने पुढे होत्या, पण ते कागदावर. कागद रेकॉर्डमध्ये होता आणि मी शेडमध्ये होतो. सहा वर्षं दुसऱ्यांचा धूर छातीत भरून घेणं हीसुद्धा एक सेवाच आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या दिवशी शेडमध्ये अर्जाचीच चर्चा. आमच्या भांडारप्रमुखांना सगळे इंजिन म्हणतात, कारण त्यांच्या तोंडातून धूर निघाला नाही असा प्रसंग कोणी पाहिलेला नाही. ते म्हणाले, "बायका सिगारेट ओढणार? आपल्या ऑफिसात? उद्या माझी मुलगी ओढताना दिसली तर तंगडं मोडीन तिचं." एवढं बोलून त्यांनी विझत आलेल्या सिगारेटवर दुसरी पेटवली. साहेब म्हणाले, "आरोग्याला वाईट असतं हो बायकांच्या." सगळ्यांनी काळजीने माना हलवल्या आणि झुरके मारले.

मी धूम्रपान कक्षाबद्दलचं परिपत्रक काढून वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी.' पुरुष असा शब्द कुठेच नव्हता. म्हणजे अर्जदार बाया धूम्रपान करतात एवढं सिद्ध झालं की सोय द्यावी लागणार. ते सिद्ध कसं करायचं? मी मनाचा हिय्या करून रेकॉर्डमध्ये गेलो.

"बाई, हा अर्ज..."

"सही माझीच आहे."

"सहीबद्दल नाही म्हणत मी. म्हणजे, तुम्ही... ओढता?"

"तुम्ही ओढता?"

"छे!"

"मग रोज शेडमध्ये काय करता?"

"बसतो."

"आम्हालाही बसायचंय," असं म्हणून बाईंनी फाईलीची दोरी बांधायला घेतली.

मी टेबलावर परत आलो आणि टिपणीत लिहिलं, 'अर्जदार धूम्रपान कक्षाचा वापर करण्यास इच्छुक आहेत.' हे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचा फार अभिमान वाटला. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही कोणाला सापडलं नसतं.

पण साहेबांना पुरावा हवा होता. तेव्हा ऑफिसच्या डॉक्टरांकडे गेलो आणि नऊ जणींना धूम्रपानाचे दाखले देता येतील का, असं विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "न ओढण्याचे दाखले मागायला माणसं येतात. ओढण्याचा दाखला कोणी मागितलेला नाही आजवर. आणि एक सांगतो. पुरुषांना विचारलं की म्हणतात, दोनच ओढतो. मी चाराने गुणतो. बायकांना विचारलं की म्हणतात, ओढत नाही. शून्याला मी कशाने गुणू?"

मग मी घरी बसून एक प्रश्नावली तयार केली. आपण रोज किती ओढता? केव्हापासून? घरच्यांना माहीत आहे का? बंद केली असल्यास का? कच्चा मसुदा शर्टाच्या खिशात राहिला आणि धुण्याच्या वेळी बायकोच्या हाती लागला. सहा वर्षं शर्टाला येणाऱ्या वासाबद्दल ती काही बोलली नव्हती. 'ऑफिसात ओढतो, पुरुषमाणूस आहे,' असं धरून चालली होती म्हणे. मी ओढत नाही हे तिला त्या दिवशी कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर किंचित निराशा दिसल्यासारखी वाटली.

"कुणासाठी आहे हे?" तिने विचारलं.

"ऑफिसातल्या बायकांसाठी."

ती पेन घेऊन बसली आणि तिने प्रश्नावली भरून टाकली. आपण रोज किती? 'दोन झुरके.' केव्हा? 'हॉस्टेलवर, शेवटच्या वर्षी.' घरच्यांना माहीत आहे का? 'आता होईल.' बंद का केली? 'दाराला कडी नव्हती.'

"तू?" मी म्हणालो. "तू सिगारेट ओढलीस?"

"तुमचा धाकटा भाऊ दिवसाला पाकीट संपवतो, तेव्हा तुम्ही म्हणता, बिचाऱ्याला कामाचा ताण आहे. मी दोन झुरके मारले तर हा चेहरा?"

मी चेहरा नीट करायचा प्रयत्न केला, पण तो बराच वेळ जागेवर आला नाही.

ही बातमी भिंतीपलीकडे गेलीच. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दारात येऊन म्हणाले, "एक अनुभवाचा बोल सांगतो. महिला हा शब्दच वगळा. कक्ष क्रमांक दोन म्हणा. निम्म्या भानगडी नावामुळे होतात." त्यांच्यामागून काकूंचा आवाज आला, "खुशाल करा हो कक्ष! यांचा धूर मी चाळीस वर्षं गिळतेय. हवा का म्हणून कधी विचारलंय का यांनी?" पोस्टमास्तर हातातली विडी मागे लपवून परत गेले.

प्रस्ताव मात्र वर गेला आणि काय आश्चर्य, मंजूर होऊन आला. मुख्यालयात कोणी न वाचता सही केली असणार, असं माझं मत आहे. मग बांधकामवाले आले. दोन धूम्रपान कक्षांत तीस फूट अंतर हवं, असं त्यांचं म्हणणं. ते मोजता मोजता कक्ष सरकत सरकत तक्रारखिडकीच्या मागच्या झाडाखाली आला. पत्रे लागले, बाकं आली. शेवटी पाटी रंगवणारा आला. या माणसाने आयुष्यभर सरकारी भिंतींवर एकच पाटी रंगवली होती. मी चहा पिऊन परत येईपर्यंत त्याने सुबक अक्षरांत लिहून ठेवलं, 'महिला धूम्रपान निषिद्ध कक्ष.'

"अहो, निषिद्ध कशाला?" मी ओरडलो.

"हात आपोआप गेला साहेब," तो म्हणाला. त्याने त्या शब्दावर पांढरा रंग फासला, पण ऊन पडलं की तो शब्द खालून वर यायचा.

दुसऱ्या दिवसापासून साडेअकराला नऊच्या नऊ बायका उठून कक्षात जाऊ लागल्या. कोणी ओढत नव्हतं. कोणी पाय वर घेऊन बसे, कोणी डोळे मिटे, कोणी घरी फोन करी. टायपिस्ट बाईंनी तर बाकावर गाद्या शिवून आणल्या. आणि त्याच वेळी पुरुष त्यांच्या शेडमध्ये असत. त्यामुळे तक्रारखिडकीवर कोणीच उरलं नाही. नळाला पाणी नाही म्हणून आलेली माणसं खिडकीच्या गजांना धरून आत बघत राहत. त्यांच्या हाका पुरुषांच्या शेडपर्यंत जात, पण अर्धी सिगारेट टाकून कोण येणार? चौथ्या आठवड्यात कोणीतरी थेट मुख्यालयाला लिहिलं, 'या कार्यालयात सर्व कर्मचारी एकाच वेळी धूम्रपान करतात.'

तपासणी लागली.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मला बोलावून म्हणाले, "फाईलीत नऊ महिला धूम्रपान करतात असं आहे."

"इच्छुक आहेत असं आहे."

"तेच ते! तपासनीस आले आणि कक्षात कोणी ओढत नाही असं दिसलं, तर खोटा प्रस्ताव पाठवला म्हणून दोघं लटकू. कोणीतरी ओढताना दिसलं पाहिजे. व्यवस्था करा."

मी आयुष्यात पहिल्यांदा सिगारेटचं पाकीट विकत घेतलं. कुठलं हवं असं पानवाल्याने विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बायकांना चालेल असं." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी अजून विसरलेलो नाही. साहेब पुढच्या फाटकात हारतुरे घेऊन उभे राहिले आणि मी पाकीट घेऊन महिला कक्षात शिरलो.

"बायांनो, एक विनंती आहे," मी म्हणालो. "कोणी तरी एकीने नुसती हातात धरायची. पेटवून मी देतो."

कोणी हललं नाही. रेकॉर्डच्या बाई म्हणाल्या, "इतकं अडलंय तर तुम्हीच बसा ना. घ्या, सरकते."

"अहो, पण मी बाई नाही!"

"ते बाहेरूनही दिसतंच आहे," मागून आवाज आला.

मी वळलो. दारात पन्नाशीची, खांद्याला पिशवी लावलेली, घाम पुसणारी एक बाई उभी होती. मुख्यालयाची गाडी पुढून येईल म्हणून साहेब पुढे उभे होते आणि तपासनीस बाई बसने येऊन मागच्या फाटकातून आत आल्या होत्या.

"तुम्ही कोण?"

"मुख्य कारकून."

"महिला कक्षात काय करताय?"

"तपासणी."

"ती मी करते." मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली. "तुम्ही हे ओढता?"

"मी ओढत नाही."

"मग इकडे द्या."

त्यांनी पाकीट फोडलं, एक सिगारेट काढली आणि सराईतपणे पिशवीतून लायटर बाहेर आला. मी थक्क झालो. दोन महिने मी जो पुरावा शोधत होतो, तो आपल्या पायांनी चालत आला होता. मला वाटलं, सुटलो! तेवढ्यात टायपिस्ट बाई उठल्या.

"मॅडम, इथे नको हं. गाद्यांना वास लागतो."

"हा धूम्रपान कक्ष आहे ना?"

"आहे. पण इथे कोणी ओढत नाही."

तपासनीस बाईंनी वर पाटीकडे पाहिलं. उन्हात 'निषिद्ध' अगदी स्वच्छ दिसत होतं. त्या मोठ्याने हसल्या, सिगारेट बोटांत तशीच धरून म्हणाल्या, "बरं. मग ओढतात कुठे?" मी निमूटपणे रस्ता दाखवला.

पुरुषांच्या शेडमध्ये साडेअकराची सभा भरात होती. दाराकडे पाठ करून इंजिन सांगत होते, "अधीक्षकपदाचं काय, परवा इथेच ठरलंय. साहेब म्हणाले, मुख्य कारकुनालाच द्यायचं. बाईंना विचारायचं कशाला? त्या इथे येतात कुठे?"

लायटरचा आवाज झाला. इंजिन वळले. बाई सिगारेट पेटवत होत्या. आणि मग मी एक विलक्षण दृश्य पाहिलं. अकरा पुरुषांचे अकरा हात एकदम पाठीमागे गेले. वर्षानुवर्षं साहेबांसमोर खुशाल ओढणारी माणसं एका बाईला ओढताना बघून आपली सिगारेट लपवत होती. एकाच्या शर्टाला भोक पडलं.

इंजिनांनी घसा खाकरला. "बाई, तुम्ही कोण ते माहीत नाही. पण तुम्हाला हे शोभत नाही."

"तुम्हाला शोभतं?"

"आमची सवय आहे."

"माझीही आहे. एकोणीस वर्षं. फरक एवढाच, की तुमची पंख्याखाली आणि माझी गच्चीवरच्या टाकीमागे. सोडायची म्हणून तीनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. पण सोडते म्हणायचं तर आधी ओढते म्हणावं लागतं, आणि तिथे ओळखीचं कोणीतरी बसलेलं असतंच." त्यांनी एक झुरका घेतला. "तुम्ही सोडायचं म्हणालात तर बायको पेढे वाटेल. मी म्हणाले तर घरात पहिला प्रश्न येईल, कधीपासून?"

खरं सांगायचं तर मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी बायकोला विचारलेल्या त्या 'तू?'बद्दल माझी मलाच लाज वाटली.

"आता ते अधीक्षकपदाचं सांगा," बाई म्हणाल्या. "मी मुख्यालयातून तपासणीला आलेय."

अकरा सिगारेटी वाळूच्या डब्यात पडल्या. इंजिनांच्या तोंडून, माझ्या माहितीप्रमाणे नोकरीत पहिल्यांदाच, धूर निघायचा थांबला. बाई माझ्याकडे वळल्या. "आस्थापना तुमच्याकडे ना? सेवाज्येष्ठता कोणाची?"

इथे वाचकांनी माझी अवस्था लक्षात घ्यावी. सेवाज्येष्ठतेची यादी अजून मुख्यालयाला जायची होती. तोपर्यंत मी 'बघून सांगतो' म्हणू शकलो असतो. 'बघून सांगतो' या दोन शब्दांवर आमच्या खात्यात माणसांच्या हयाती निघाल्यात. तोवर साहेब आले असते, चहा झाला असता, विषय निघून गेला असता. मी तोंड उघडलं. सहा वर्षांचा धूर, शर्ट, साडेअकरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि मी म्हणालो, "रेकॉर्डच्या बाईंची. एक वर्ष चार महिन्यांनी."

"पाठ आहे वाटतं."

"रोज बघायचो," मी म्हणालो.

हे मी धैर्याने बोललो की घाबरून, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. बायकोच्या मते धैर्याने. म्हणून मीही तेच धरून चालतो.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. दोन्ही शेड बंद. बाकं उचलून आत एक विश्रांतीची खोली, ती सर्वांची, आणि तिथे जायचं ते पाळीपाळीने, खिडकी उघडी ठेवून. ज्यांना ओढायचं त्यांनी फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे जावं. रस्ता उन्हातला आणि रहदारीचा. महिन्याभरात तिघांनी सिगारेट सोडली, कारण कंटाळा आला. इंजिन चौदावरून पाचावर आले आणि त्यांना अचानक जेवणात मीठ जास्त असल्याचं कळू लागलं. साहेबांनी निषेध म्हणून जागेवर बसून राहायला सुरुवात केली. त्यामुळे कित्येक वर्षांच्या फाईली निघाल्या.

आणि अधीक्षकपद रेकॉर्डच्या बाईंना मिळालं.

मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं." मी दुखावून तिच्याकडे पाहिलं तेव्हा म्हणाली, "तिच्यासाठी म्हटलं. तुमच्यासाठी वाईट झालं. दोन्ही एकदम वाटू शकतं माणसाला."

नव्या अधीक्षकबाईंनी पहिल्याच सोमवारी सगळ्या शाखांची बैठक बोलावली. टेबलाभोवती खुर्च्या, प्रत्येकापुढे कागद, आणि जे ठरेल ते लिहून घ्यायला टायपिस्ट बाई. पहिला विषय होता तक्रारखिडकीच्या पाळ्या. इंजिन बोलले, आवक-जावकवाल्या बाई बोलल्या, साहेबही दोन वाक्यं बोलले. मी सवयीने भिंतीला टेकून ऐकत होतो. मग अधीक्षकबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं मत काय?"

मी गडबडलो. सहा वर्षं रोज साहेबांच्या कोपराला कोपर लावून बसलो होतो, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिथे मी हसायच्या जागी हसायचो आणि मान डोलवायचो. मी म्हणालो, "माझं? तसं काही... म्हणजे..."

"सावकाश सांगा," बाई म्हणाल्या. "आम्ही थांबतो."

आणि खरंच सगळे थांबले. इंजिनसुद्धा. मी पाणी प्यालो, कागद सरळ केला आणि बोलायला लागलो. तेरा मिनिटं बोललो. कोणी मध्ये तोडलं नाही. तेरा हा आकडा मी वाढवून सांगत नाही, बैठकीच्या इतिवृत्तात तशी नोंद आहे, आणि ती पाहायची झाल्यास अर्ज करायचीही गरज नाही.